तिसऱ्या घंटेआधी: आवाज, काळोख आणि गर्दी सोसत नाही अशा माणसाला गोव्यात नाटकाला नेताना

आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही त्याला पहिल्यांदा नाटकाला नेलं. त्याला ऑटिझम आहे. घरी पायपेटीचे सूर लागले की तो हातातलं सगळं टाकून ऐकत बसतो, म्हणून मुद्दाम संगीत नाटक निवडलं. नांदी संपेपर्यंत तो खुशीत डुलत होता. मग टाळ्या पडल्या, पाठोपाठ दिवे गेले आणि काळोखात ढगांचा गडगडाट सुरू झाला. तो खुर्चीखाली शिरला आणि कान दाबून ओरडू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "सांभाळता येत नाही तर आणता कशाला?" त्याला उचलून बाहेर आलो तेव्हा त्याची एक चप्पल आतच राहिली होती. पुढची दोन वर्षं आमच्या घरातल्या कुणीच नाटक पाहिलं नाही.

आज तो सतरा वर्षांचा आहे आणि तीन अंकी नाटक पूर्ण बसून बघतो. काही वेळा अर्ध्यावर उठावं लागलं, पण त्याचं आता काही वाटत नाही. मधल्या काळात माझ्या सासऱ्यांच्या कानात यंत्र आलं, मग खुब्याच्या ऑपरेशननंतर व्हीलचेअर आली. जुन्या काळी गावच्या नाटकात स्त्रीपार्ट केलेला माणूस घरी बसून राहील हे मला बघवेना. म्हणून आता दोघांनाही घेऊन जाते. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत, कधी कधी एकमेकांच्या उलट आहेत, पण तयारीची रीत एकच आहे: आयत्या वेळी कळेल अशी एकही गोष्ट शिल्लक ठेवायची नाही. नाट्यगृह आपल्यासाठी सर्व बाजूंनी सज्ज होईल तेव्हा होईल. तोवर ही सगळी माहिती आपणच आधी गोळा करायची.

ऑटिझम, एडीएचडी, मायग्रेन, फिट येण्याचा त्रास, गर्दीत जीव घाबरा होणं, श्रवणयंत्र, कमी दृष्टी, व्हीलचेअर, उतारवय, यांपैकी काहीही असलेल्या माणसाला नाटकाला न्यायचं असेल तर पुढचं वाचा. तुम्ही स्वतःच तो माणूस असाल तर उत्तमच. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं आणि फिटच्या बाबतीतलं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

१. आधी माणसाची यादी करा

एका कागदावर सात शब्द लिहा: आवाज, उजेड-काळोख, वास, स्पर्श, गर्दी, वाट पाहणं, अचानक बदल. प्रत्येकापुढे त्या माणसाला नेमकं काय सोसत नाही ते लिहा. "आवाज सोसत नाही" एवढं लिहून भागत नाही. आमचा मुलगा तबल्याची द्रुत लय शेजारी बसून ऐकतो, पण चारशे माणसांच्या टाळ्या त्याला सोसत नाहीत. तबल्याचा पुढचा ठोका कुठे पडणार ते त्याला कळतं. टाळ्या कधी सुरू होणार आणि कधी थांबणार ते कळत नाही. हे आमच्या लक्षात यायला तीन नाटकं जावी लागली. सासऱ्यांचं उलट आहे: त्यांना टाळ्यांचं काही नाही, पण यंत्रामुळे शेजारच्याच्या वेफर्सच्या पिशवीची चुरचुरसुद्धा मोठी होऊन कानात जाते आणि रंगमंचावरचं वाक्य हरवतं.

वासाकडे लोक लक्ष देत नाहीत. प्रयोगाआधी नटराजपूजेचा धूप, गजरे, अत्तरं आणि एसीच्या बंद हवेत कोंडलेला हा सगळा दरवळ. मायग्रेन असलेल्या माझ्या बहिणीचं डोकं आवाजानं कधी उठलं नाही, धुपानं उठलं.

२. प्रयोग निवडा

आपल्याकडे नाटकाला जाणं म्हणजे पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, आणि प्रत्येकीचा त्रास वेगळा आहे.

मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर येणारं व्यावसायिक नाटक: दोन अंक, मध्ये एक मध्यंतर, साधारण दोन-अडीच तास. वेळ बऱ्यापैकी पाळली जाते. गर्दी मात्र खूप, आणि नावाजलेला नट असेल तर एंट्रीला टाळ्या-शिट्ट्या ठरलेल्या. घरगुती विषयाचं, एकाच दिवाणखान्यात घडणारं नाटक पहिल्या वेळेला सगळ्यांत बरं. रहस्यनाटकात गडप काळोख, किंकाळी, गोळीचा बार यांपैकी एक तरी असतंच. विनोदी नाटक सोपं वाटतं, पण दर दोन मिनिटांनी हशा फुटतो. हशा सोसत नसेल तर विनोदी नाटक टाळा.

संगीत नाटक: लांबतं. पद रंगलं की "वन्स मोअर" येतो आणि ठरलेली वेळ बाजूला राहते. तरीही आमच्या मुलासाठी हेच उत्तम ठरलं, कारण पदं आधी घरी ऐकवता येतात. ओळखीचं पद लागलं की पुढची दहा मिनिटं काय होणार हे त्याला ठाऊक असतं.

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धांचे प्रयोग: माझा पहिला सल्ला हाच. 'अ' गट, 'ब' गट आणि बालनाट्य अशा स्पर्धा होतात. मी पाहिलेल्या बहुतेक प्रयोगांना निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणजे आजूबाजूला मोकळी जागा आणि उठून जायला अडचण नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. परीक्षक बहुधा मधल्या रांगांत टेबल आणि छोटा दिवा घेऊन बसलेले असतात, त्यांच्यापासून लांब बसा. आणि स्पर्धेतल्या नाटकांत प्रकाश-आवाजाचे प्रयोग अधिक असतात, तेव्हा फोन करून विचारण्याची चौथी पायरी इथे चुकवू नका.

तियात्र: हा गोव्याचा कोकणी नाट्यप्रकार आहे, पण आमच्याकडे मराठी घरांतूनही बघितलं जातं. प्रवेशांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, येतात आणि त्यांना ट्रम्पेट-ड्रमची साथ असते. वाद्यं पुढ्यातच असतात. पितळी वाद्यांचा आवाज कानाला लागतो, म्हणून पहिल्या पाच रांगा नकोत.

देवळाच्या उत्सवातलं नाटक आणि दशावतारी काला यांच्यासाठी खाली वेगळा भाग लिहिला आहे, कारण तिथे बाकीचे नियम फारसे चालत नाहीत.

३. प्रयोगाच्या आधी एकदा नाट्यगृह बघून या

पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे, वास्को इथली रवींद्र भवनं, म्हापशाचं हनुमान नाट्यगृह, जिथे जायचं ते आठवडाभर आधी दिवसाउजेडी बघून या. शक्यतो त्या माणसाला घेऊनच. कार्यालयात जाऊन कारण सांगितलं की रिकामं प्रेक्षागृह दाखवायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आमच्या मुलानं रिकाम्या खुर्चीत बसून पाच मिनिटं छताकडे बघितलं, प्रत्येक दाराला हात लावला आणि म्हणाला, "बाहेर इथून." त्या दिवसापासून ते नाट्यगृह त्याचं झालं.

बघायच्या गोष्टी:

रॅम्प आहे की नाही एवढंच बघू नका, त्याचा चढ बघा. मान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीची एक पायरी चढायला १.८ मीटर लांब उतार हवा. अनेक ठिकाणी पायरीवर नुसती फळी किंवा सिमेंटचा डोंगर असतो. त्यावरून खुर्ची ढकलताना मागचा माणूस घसरतो आणि पुढचा घाबरतो.

प्रेक्षागृहाच्या आत पायऱ्या कुठून सुरू होतात? रॅम्प दारापर्यंत आणि दाराच्या आत लगेच पायऱ्या, हा सापळा फार जुना आहे. आम्ही एकदा तिकिटं काढून गेलो, बाहेरचा उतार झकास होता, आत मात्र आमच्या रांगेपर्यंत नऊ पायऱ्या. चार अनोळखी लोकांनी सासऱ्यांना खुर्चीसकट उचललं. लोक चांगले होते. पण सासरे त्या संध्याकाळी कुणाशी बोलले नाहीत. उचलून नेलं जाणं त्यांना किती लागलं हे मला घरी आल्यावर कळलं. तेव्हा "उचलू आम्ही, काळजी नको" असं कुणी फोनवर म्हणालं तर ते उत्तर मानू नका. ज्याला उचलायचं त्याला आधी विचारा.

स्वच्छतागृह: दिव्यांगांसाठीची पाटी असते, पण दाराला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे, त्या माणसाचं नाव आणि तो प्रयोगाच्या वेळी कुठे बसतो, हे लिहून घ्या. हात सुकवायचं गरम हवेचं यंत्र आहे का तेही बघा. त्या आवाजानं आमच्या मुलानं एकदा सगळं मध्यंतर दाराबाहेर उभं राहून काढलं.

शांत जागा: थोडा वेळ बाहेर काढायचं झालं तर कुठे बसायचं? कला अकादमी या बाबतीत मला आवडते. चार्ल्स कोरिया यांनी ती इमारत अशी रचली आहे की रस्त्याकडून आत आलं की सावलीतल्या मोकळ्या जागेतून सरळ मांडवीच्या काठापर्यंत जाता येतं. तिथल्या दिनानाथ मंगेशकर कला मंदिर या बंदिस्त प्रेक्षागृहातून बाहेर पडलं की नदीचा वारा लागतो, आणि कितीतरी वेळा तेवढ्यानंच काम झालं आहे. मात्र तिथलं खुलं रंगमंदिर वेगळं आणि बंदिस्त प्रेक्षागृह वेगळं, तिकिटावर कुठलं आहे ते नीट वाचा. दुसरीकडे अशी जागा नसेल तर वाहनतळातली आपली गाडी हीच शांत खोली समजा आणि गाडी बाहेर काढता येईल अशी लावा.

४. फोन करा आणि हे प्रश्न विचारा

नाट्यगृहाचा व्यवस्थापक आणि प्रयोगाचा स्थानिक आयोजक ही दोन वेगळी माणसं असतात. रॅम्प, किल्ली, एसी हे व्यवस्थापकाला विचारा. नाटकात काय आहे ते आयोजकाला विचारा, आणि त्याला ठाऊक नसेल तर नाटकाच्या संस्थेच्या माणसाचा नंबर मागून घ्या. आधी थेट सांगा: "माझ्या मुलाला अचानक मोठा आवाज सोसत नाही, तुमचं नाटक त्याला बघायचं आहे, मला पाच गोष्टी सांगाल का?" असं विचारल्यावर आजवर एकदाच फोन आपटला गेला. बाकी सगळ्यांनी सांगितलं, आणि एका साऊंडवाल्या दादांनी तर कुठल्या प्रवेशात कुठल्या वाक्यानंतर बार होतो ते लिहूनच दिलं.

पाच प्रश्न असे. लखलखणारा स्ट्रोब दिवा आहे का? धूर सोडतात का? बंदूक, फटाका, गडगडाट, किंकाळी यांपैकी काय, आणि कितव्या मिनिटाच्या आसपास? पूर्ण काळोख किती वेळा आणि किती लांब? नट प्रेक्षकांतून येतात का, प्रेक्षकांना हात लावतात का?

फिटचा त्रास असेल तर पहिला प्रश्न जीवनमरणाचा आहे. उजेडाच्या लखलखाटानं फिट येणारे अपस्माराच्या रुग्णांपैकी साधारण ३ टक्के असतात, म्हणजे बहुतेकांना हा धोका नाही. पण ज्यांना आहे त्यांच्यासाठी सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारा लखलखाट धोक्याचा. आपल्या माणसाला तो आहे का हे डॉक्टरांकडून आधीच कळून घ्या, आणि असेल तर स्ट्रोबवालं नाटक सोडून द्या. तरीही अचानक लखलखाट झालाच तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची. नुसते डोळे मिटल्यानं भागत नाही, पापण्यांतून उजेड आत जातोच.

इथे फसायला होतं: "तसं काही नाही हो, साधं कौटुंबिक नाटक आहे" हे उत्तर. सांगणाऱ्याला खरंच तसं वाटत असतं, कारण त्याच्या कानांना दार आपटणं हा आवाजच वाटत नाही. म्हणून एकेक गोष्ट नाव घेऊन विचारा.

५. खुर्ची

घाईत ऑनलाइन तिकीट काढू नका. शक्य असेल तर तिकीटबारीवर जाऊन प्लॅन समोर ठेवून निवडा. रांगेच्या टोकाची, दाराजवळची खुर्ची. कुठलं दार, ते महत्त्वाचं: प्रयोग सुरू झाल्यावर बहुधा एकच दार उघडं ठेवतात आणि तिथे डोअरकीपर असतो. ते दार कुठलं हे तिसऱ्या पायरीतच विचारून ठेवा.

स्पीकरच्या तोंडासमोर बसू नका. श्रवणयंत्र असलेल्याला पुढे, तिसऱ्या-चौथ्या रांगेत, नटांचे ओठ दिसतील असं बसवा. नाट्यगृहात इंडक्शन लूप, म्हणजे माइकचा आवाज बिनतारी श्रवणयंत्रात पोचवणारी तार, बसवलेला असेल तर यंत्र टी-कॉइलवर (तो आवाज पकडणाऱ्या सेटिंगवर) घालून आवाज थेट कानात घेता येतो, तेव्हा तो आहे का हे विचारून बघा. आमच्या घरात ही ओढाताण दर वेळी होते. मुलाला मागची दाराजवळची जागा हवी, सासऱ्यांना पुढची. आम्ही आता दोन ठिकाणी बसतो, नवरा वडिलांबरोबर आणि मी मुलाबरोबर. एकत्र बसायचा हट्ट सोडला आणि दोघांनाही नाटक मिळालं.

व्हीलचेअरवरच बसून बघायचं असेल तर जागा कुठली, ती वाटेत येते का आणि शेजारी सोबत्याला खुर्ची मिळेल का, तिन्ही विचारा. साधी व्हीलचेअर ६५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. आपली मोजून तो आकडा फोनमध्ये ठेवा.

६. घरी रंगीत तालीम

ही पायरी टाळू नका, खरं काम इथेच होतं.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ साली थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेनं ऑटिझम असलेल्या प्रेक्षकांसाठी पहिला खास प्रयोग केला. आवाज थोडे उतरवले, दचकवणारे दिवे काढले, शांत बसायला वेगळी जागा ठेवली आणि घरच्यांना आधीच चित्रांतून सांगितलं की त्या दिवशी काय काय होईल. यातलं शेवटचं आपण आपल्या स्वयंपाकघरात बसून करू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही नाट्यगृह बघायला गेलो तेव्हा काढलेले फोटो क्रमानं वहीत चिकटवतो. गाडी, दार, तिकीट दाखवणारा हात, खुर्ची, पडदा, मध्यंतर, पुन्हा खुर्ची, गाडी. प्रत्येकाखाली एक ओळ. "पहिली घंटा होईल. दुसरी होईल. तिसरी झाली की काळोख होईल. काळोख थोडा वेळ असतो. मग पडदा उघडतो." या तीन घंटा म्हणजे आपल्या रंगभूमीनं अशा मुलांना दिलेली मोठी सोय आहे असं मला वाटतं, कारण पुढे काय होणार ते त्या आधीच सांगतात. घरी देवघरातली घंटा तीनदा वाजवून खोलीतला दिवा घालवायचा, मी दहापर्यंत मोजायची, दिवा लावायचा. आठवडाभर रोज एकदा. चौथ्या दिवशी तो स्वतःच मोजू लागला.

टाळ्यांचीही तालीम करा. घरातल्या सगळ्यांनी मिळून हळू टाळ्या, मग मोठ्या. टाळ्यांच्या वेळी कान झाकले तरी चालतं हे त्याला मुद्दाम सांगा. आमचा मुलगा आता हात वर करून हलवतो, मूकबधिर लोक टाळ्यांऐवजी करतात तसे.

गोष्ट आधी सांगून टाका. शेवटासकट. मजा जाईल म्हणून लपवू नका. कमी दिसणाऱ्या माणसालाही रंगमंचाची मांडणी आधी सांगा: दार कुठे, झोपाळा कुठे, कोण कुठल्या विंगेतून येतो. आवाजावरून त्याला पुढचं सगळं कळत जातं.

७. पिशवी

कागदपत्रं: दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, त्याचा फोनमधला फोटो, चालू औषधांची चिठ्ठी, तिकिटांची छापील प्रत (आत नेटवर्क जातं), आणि एक चार ओळींचं पत्र: "याला ऑटिझम आहे. तो मधेच उठेल किंवा आवाज काढेल. आम्ही लगेच बाहेर नेऊ. कृपया टॉर्च तोंडावर मारू नका." हे पत्र डोअरकीपरच्या हातात द्या, तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं.

साधनं: कानांवर बसणारे ईअरमफ. चांगले असतील तर ते २० ते ३० डेसिबल आवाज कमी करतात, म्हणजे संवाद पुसट होतात. म्हणून ते सतत घालायचे नाहीत, गळ्यात ठेवायचे. ईअरमफ पहिल्यांदा नाट्यगृहातच घालू नका, आधी घरात सवय करा. श्रवणयंत्रावर मफ घातला तर यंत्र शिटी मारतं, तिथे आवाज उतरवणं हाच उपाय, आणि सुटे सेल घ्यायला विसरू नका. टोपी किंवा गॉगल. एसीसाठी शाल, आणि ती घरातलीच, ओळखीच्या वासाची. हातात घोळवायला काहीतरी, पण वाजणारं नको. आमच्याकडे चिंचोक्यांची शिवलेली पुरचुंडी होती, ती काळोखात खुळखुळली. आता मऊ फडक्याची आहे. पाणी, आणि कागद न वाजणारा खाऊ डब्यात.

८. प्रयोगाच्या दिवशी

दुपारी झोप, संध्याकाळी पोटभर खाणं. प्रयोगाच्या पाऊण तास आधी पोचा, पण दार उघडताच आत शिरू नका. बाहेर फेरी मारा, शांत जागा पुन्हा दाखवा, स्वच्छतागृह आटपा. आम्ही दुसऱ्या घंटेला आत जातो. फार आधी गेलं की निवेदनं, पुढच्या प्रयोगांच्या जाहिराती आणि खुर्च्यांची खडखड यांतच त्याचा धीर संपतो.

शेजाऱ्याला हसून एक वाक्य सांगा. बहुतेक लोक सरकून जागा देतात.

मध्यंतर हा सगळ्यांत अवघड भाग आहे, नाटकाहून अवघड. दिवे भपकन लागतात, सगळे एकदम उठतात, बटाटेवड्याच्या काउंटरवर रेटारेटी. एक तर पडदा पडायच्या दोन मिनिटं आधी बाहेर पडा, नाहीतर गर्दी ओसरेपर्यंत जागेवरच बसा. आणि शेवटी नट ओळख करून देतात, भाषण होतं, टाळ्या लांबतात. ते नको असेल तर शेवटचं वाक्य झालं की निघा.

९. देवळातलं नाटक आणि दशावतार

इथे तिकीट नाही, खुर्चीचा नंबर नाही, डोअरकीपर नाही. त्यामुळे मोकळीकही आहे: मूल फिरलं, उठलं, निजलं तरी कुणी वळून बघत नाही. आपल्या गावच्या उत्सवी नाटकाला लहान मुलं गोधडीवर झोपलेली असतात आणि म्हातारी माणसं मोठ्यानं शेरे मारत असतात. शहरातली नाट्यगृहं ज्या मोकळेपणासाठी आता खास प्रयोग लावतात तो आमच्या सभामंडपात आधीपासून आहे.

पण धोकेही आहेत. दारूकाम (फटाके) कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, तेव्हा देवस्थानच्या माणसांना पालखीची वेळ विचारा आणि तेवढा वेळ लांब राहा. जनरेटर कुठे ठेवलाय ते बघून त्याच्या उलट बाजूला बसा. कर्णे खांबाखांबाला बांधलेले असतात, त्यांच्याखाली बसू नका. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि वर्षातले मोजके दिवसच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. त्यामुळे काही गावांत प्रयोग पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतो. आपल्या गावची वेळ दर वर्षी नव्यानं विचारा.

दशावतारात पेडणे-डिचोलीकडची मुलं वाढतात, पण अशा मुलाला त्याची ओळख हळूहळू करून द्या. संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात, म्हणून "किती मिनिटं राहिली?" या प्रश्नाला उत्तर नाही. आम्ही वेळेऐवजी पात्रं मोजतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर, मग आख्यान. संकासुराचा काळा बुरखा आणि लाल जीभ याचा फोटो आधी दाखवलाच पाहिजे. झांज कानाला टोचते, आणि युद्धाच्या प्रवेशात ती सर्वांत चढते. वादक रंगमंचाच्या ज्या बाजूला बसतात त्याच्या समोरच्या टोकाला सतरंजी घाला. आणखी एक: नट रंगायला बसतात तिथे संध्याकाळी जाऊन परवानगी मागा. राजाचा मुकुट चढवण्याआधी तो माणूस बिडी ओढताना दिसला की रात्री त्याची भीती वाटत नाही. आमच्या मुलाला एका राक्षसानं स्वतःची गदा हातात धरायला दिली होती. ती हलकी आहे हे त्याला कळलं, आणि त्या रात्री तो पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत जागा होता.

१०. मधेच उठावं लागलं तर

बोलू नका, समजावू नका. हात धरा, ठरलेल्या दारातून बाहेर, ठरलेल्या जागी. कोण उठणार हे दोघांत आधीच ठरलेलं हवं, काळोखात नजरेनं ठरवता येत नाही. बाहेर वीस मिनिटं काही विचारू नका, पाणी द्या. त्याला परत जायचं असेल तर दोन प्रवेशांच्या मधल्या काळोखात जा. जायचं नसेल तर घरी. तिकिटाचे पैसे गेले हे त्याच्यासमोर बोलू नका. आम्ही पहिल्या वर्षी "आज फक्त पहिला अंक" असं ठरवूनच जायचो, मग अर्ध्यावर उठणं हे अर्धवट राहतच नाही.

११. अडवणूक झाली तर

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे आणि एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम येतो. कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनात सहभागी होण्याच्या हक्काबद्दल आहे. प्रवेश नाकारला, अपमान केला, तर जागेवर भांडण्यात त्या माणसाची संध्याकाळ जाते. तारीख, वेळ, तिथल्या माणसाचं पद लिहून घ्या, फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाला लेखी द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर गोव्यात दिव्यांग व्यक्तींसाठी राज्य आयोग आहे, तिथे लिहा. जानेवारी २०२३मध्ये पणजीत दिव्यांग व्यक्तींसाठीचा पहिला महोत्सव, पर्पल फेस्ट, झाला, तेव्हापासून शब्द तरी लोकांच्या कानावर आले आहेत. पूर्वी मला ऑटिझम म्हणजे काय इथपासून सांगावं लागायचं.

आणि चांगलं वागले तर तेही लेखी कळवा. मी एका डोअरकीपरबद्दल पत्र लिहिलं होतं. पुढच्या वेळी त्यांनी आमच्यासाठी टोकाची खुर्ची पुसून ठेवली होती.

१२. घरी आल्यावर

त्याच रात्री "कसं वाटलं?" विचारू नका. दुसऱ्या दिवशीही घरात शांतता ठेवा, पाहुणे नकोत, बाजार नको. काहींना थकवा चोवीस तासांनी जाणवतो. मग वहीत तीन ओळी लिहा: कुठल्या मिनिटाला काय झालं, कशानं बरं वाटलं, पुढच्या वेळी काय बदलायचं.

आमच्या वहीतली शेवटची नोंद गेल्या महिन्यातली आहे. "पहिला अंक ५५ मिनिटं, मफ दोनदा. मध्यंतरात जागेवर बसलो. आजोबांच्या यंत्राचा सेल संपला, सुटा पिशवीत नव्हता. दुसऱ्या अंकातलं पद तो मोठ्यानं गायला, पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे बघितलं आणि त्याही गाऊ लागल्या. सेल आणायचे."